अदलाबदलीचा हिशेब : मोटारसायकल देऊन जुना पिकअप ट्रक घ्यावा काय?

म्हसाच्या यात्रेंत बैलांची अदलाबदल ज्यांनीं पाहिली असेल त्यांस ठाऊकच आहे कीं, जाणता शेतकरी शिंगांस लावलेल्या रंगाकडे पाहत नाहीं. तो प्रथम दांत पाहतो, मग खांदा चांचपतो, चार पावलें चालवून पाहतो आणि शेवटीं धन्यास विचारतो, "देतां कशासाठीं?" मुरबाड तालुक्यांतील या यात्रेहून आमच्या घरीं पूर्वीं एक जोडी आली होती. आतां आमच्या गोठ्यांत बैल नाहींत. परंतु अदलाबदलीचा प्रसंग २०२४ सालच्या दसऱ्यानंतर आमच्यावर आलाच, आणि तो बैलांचा नसून यंत्रांचा होता. अशा प्रसंगीं आम्हांस काय सुचलें, काय सुचलें नाहीं आणि कोठें आमचीच चूक उघडी पडली, तें शेतकरी बंधूंच्या उपयोगी पडेल असें वाटून येथें सविस्तर लिहीत आहों.

आमचें गांव वळ, तालुका भिवंडी. ज्यांनीं हा भाग वीस-पंचवीस वर्षांत पाहिला नसेल त्यांस तो आतां ओळखूं येणार नाहीं. मुंबईच्या जकात नाक्यांच्या बाहेर माल सांठवावा आणि लागेल तसा आंत न्यावा, या व्यापारी सोयीमुळें वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, दापोडे, माणकोली या पट्ट्यांत गोदामें उभीं राहिलीं. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर सुरू होऊन मुंबईची जकात गेली. गोदामें मात्र गेलीं नाहींत, उलट वाढलीं. भाताच्या खाचरांवर भराव पडले, आणि ज्या बांधावरून बैलगाडी जात असे तेथून आतां चाळीस फुटी कंटेनर जातो. आमच्याकडे तीन एकर जमीन राहिली आहे. दोन एकरांत पावसाळी भात, त्यामागून कांहीं वाल, आणि विहिरीच्या कडेच्या एका एकरांत भेंडी, मेथी व काकडी, अशी आमची शेती आहे. जमीन मागावयास दलाल वर्षांतून दोनदां येतात आणि आम्ही त्यांस चहा देऊन परत पाठवितों.

घरांत वाहन एकच. आमच्या वडिलांनीं १९८३ सालीं घेतलेली, तीनशें पन्नास सी. सी. ची, ओतीव लोखंडी इंजिनाची बुलेट. भेंडीचे दोन क्रेट मागें बांधून पहांटे कल्याणच्या बाजार समितींत जावें आणि उजाडतां परत यावें, हा तिचा नित्यक्रम. अंजूरफाट्याकडे वाहनांची रांग लागली कीं मोठ्या गाड्या तास तास उभ्या असतात. बुलेट मात्र कडेकडेनें निघून येते. हें आम्ही मुद्दाम आरंभींच सांगतों, कारण पुढें हिशेबांत याचें मोल लावावें लागलें.

प्रस्ताव

मुरबाडकडील आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांपाशीं जीपच्या जातीचा एक जुना पिकअप ट्रक होता. १९७२ ची नोंदणी, चालकाची बैठक इंजिनाच्या वर, मागें आखूड परंतु भक्कम हौदा, चारही चाकांस जोर देणारी रचना. त्यांस हौसेकरितां जुनी बुलेट हवी होती. ते म्हणाले, "तुम्ही मोटारसायकल व वर चाळीस हजार रुपये द्या, मी ट्रक देतों. तुम्हां शेतकऱ्यांस त्याचा उपयोग. मजकडे तो नुसता उभा आहे."

या गाडीचें कूळ थोडक्यांत सांगितल्यास मोह कां पडतो तें कळेल. अमेरिकेंतील शेतकऱ्यांनीं आरंभीं घरच्याच मोटारीची मागील बैठक काढून तेथें लाकडी खोकें बसविलें व त्यांतून दूध, धान्य, डुकरें बाजारांत नेलीं. ही गरज ओळखून फोर्ड कंपनीनें १९२५ सालीं आपल्या मॉडेल टी गाडीस मागें हौदा बसवून ती कारखान्यांतूनच २८१ डॉलरांस विकावयास काढली. आपल्याकडे जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मुंबईंत शिवडी येथें गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला आणि तो १९५४ पर्यंत चालला. १९४५ सालीं निघालेली महिंद्र आणि महंमद ही मंडळी १९४८ सालीं महिंद्र आणि महिंद्र झाली. १९४७ पासून तिनें विलिस जीपा जुळविल्या आणि १९६५ सालीं एफ. सी. १५० हा लहान ट्रक बाजारांत आणला. आमच्या मित्राचा ट्रक याच घराण्यांतला. पुढें १९८६ सालीं टाटांचा ४०७ आणि २००५ सालीं 'छोटा हत्ती' म्हणून प्रसिद्धीस आलेला एस आला, आणि जुन्या जीप-ट्रकांची सद्दी संपली. ज्यांनीं लहानपणीं अशा गाडींत भाऱ्यांवर बसून प्रवास केला आहे त्यांस ती पुन्हां दिसतांच हात लावून पाहावासा वाटतो. आम्हांसहि तसेंच वाटलें, आणि अशा वेळीं वही काढावी असें आम्ही मनाशीं ठरविलें.

घरांतील तीन मतें

वही काढण्यापूर्वीं घरच्या मंडळींस विचारलें. तीन मतें निघालीं आणि तिन्हींत तथ्य होतें.

आमच्या चिरंजीवांचें मत ट्रक घ्यावा असें. तो सव्वीस वर्षांचा असून एका गोदामांत हिशेबनीस आहे. तो म्हणाला, "भेंडी बाजारांत अडत्याच्या काट्यावर टाकण्याऐवजीं मी ठाणें व डोंबिवलीच्या सोसायट्यांच्या दारांत थेट नेऊन विकीन. दोन क्रेट बुलेटवर नेऊन तो धंदा होत नाहीं. दहा क्रेट हवेत. गाडी द्या, मी नोकरी सोडून शेतींत येतों."

घरांतून दुसरें मत आलें. आमच्या मातोश्री ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. "रात्रीं-अपरात्रीं त्यांस दवाखान्यांत न्यावयाचें झाल्यास त्या मोटारसायकलवर बसणार कशा?" हा प्रश्न आम्हांस पूर्वीं कोणी विचारला नव्हता आणि आम्हींहि विचारला नव्हता. खरें पाहतां आखूड पाट्यांच्या उघड्या ट्रकांत आजारी माणूस नेणें हेंहि सुखाचें नाहीं. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका व गांवांतील रिक्षा हाच त्यावर उपाय होय. परंतु प्रश्न रास्त होता.

तिसरें मत मातोश्रींचें. त्या एवढेंच म्हणाल्या, "त्याची गाडी आहे ती." वडील २०२१ सालीं गेले. चाळीसेक वर्षें ज्या गाडीचा आवाज ऐकून त्यांनीं सायंकाळचा चहा ठेवला ती गाडी दारांतून जाणार, याचें मोल आमच्या वहींत कोणत्या बाजूस मांडावें तें आम्हांस कळलें नाहीं. शेवटीं तें मांडलेंच नाहीं. जुन्या ट्रकाचा मोह व जुन्या बुलेटची माया हीं दोन्ही समोरासमोर ठेवून वजा केलीं आणि उरलेला व्यवहार पाहिला.

खेपांचा हिशेब

वाहन किती ओझें वाहतें हें लोक विचारतात. तें वर्षांतून किती दिवस वाहणार हें विचारीत नाहींत. खरा प्रश्न दुसरा आहे. आमच्या वहीप्रमाणें मोटारसायकलच्या आवांक्याबाहेरच्या खेपा एका वर्षांत अशा झाल्या : भाताचीं पन्नासेक पोतीं नेण्याच्या २, पेंढ्याच्या ३, खत व बियाण्याच्या ३, आणि भाजी अधिक निघाल्यामुळें टेंपो करावा लागला अशा १४. एकूण २२ खेपा. प्रत्येकीस सरासरी रु. १,२०० भाडें धरल्यास वर्षाचा खर्च रु. २६,४०० झाला.

आतां ट्रकाची बाजू. विमा, योग्यता तपासणी व कर मिळून रु. १५,०००, मिस्त्रीच्या अंदाजानें दुरुस्ती रु. २०,०००, टायर व बॅटरीसाठीं दरसाल बाजूस टाकावयाचे रु. ८,०००. गाडी हलो न हलो, हे रु. ४३,००० उभे आहेत. मोटारसायकल गेल्यानें तिचा विमा व दुरुस्ती मिळून रु. ५,००० वांचतील ते वजा करतां रु. ३८,००० उरले. कल्याणची खेप जाऊन येऊन सुमारें तीस किलोमीटरांची. लिटरला दहा किलोमीटर धरतां इंधन रु. २७०. म्हणजे भाड्याच्या टेंपोपेक्षां प्रत्येक खेपेमागें बचत रु. ९३०.

येथवर बहुतेक लोक हिशेब करितात. परंतु मोटारसायकल दिल्यावर रोजचीं कामें कशानें करावयाचीं? बँक, दवाखाना, खताचें दुकान, कल्याणची पहांटेची खेप, सगळें मिळून आमची गाडी दिवसास सरासरी बारा किलोमीटर व वर्षास सुमारें ३,६०० किलोमीटर चालते. बुलेटला लिटरामागें पस्तीस किलोमीटर धरले तर १०३ लिटर पेट्रोल लागतें. ट्रकास तेवढ्याच चालीला ३६० लिटर डिझेल लागेल. हा फरक पैशांत सुमारें रु. २२,००० चा आहे. तो मिळवितां ट्रकाचा उभा बोजा रु. ६०,००० होतो. त्यास खेपेमागील बचतीनें, म्हणजे ९३० नें, भागिलें तर ६५ खेपा येतात.

तात्पर्य, वर्षास ६५ भरलेल्या खेपा होत असतील तर हा सौदा बरोबरीचा. त्याहून कमी तर तोट्याचा. आमच्या खेपा २२. वर द्यावयाचे चाळीस हजार तर यांत धरलेच नाहींत. वाचकांनीं आपआपले आंकडे घालून हाच भागाकार करून पाहावा : उभा वार्षिक खर्च, भागिलें खेपेमागील बचत. एवढ्यानें निम्म्या अदलाबदली घरांतच मिटतील.

परंतु आमच्या हिशेबांत एक आंकडा वहीबाहेरचा होता. चिरंजीव खरोखरच शेतींत आला तर खेपा २२ राहणार नाहींत. मग प्रश्न ट्रक घ्यावा काय हा नसून, मुलगा शेती करणार काय हा होता. आणि त्याचें उत्तर यंत्रापाशीं नव्हतें.

दांत पाहणें

तरीहि गाडी पाहिल्यावांचून नाहीं म्हणणें बरें नव्हे, म्हणून मिस्त्रीस घेऊन आम्ही मुरबाडास गेलों. काय पाहावें तें येथें क्रमानें देतों.

गाडी थंड असतां जावें. धन्यानें आधींच तापवून ठेवली असेल तर थांबावें. थंडींत सुरू होतांना धुराचा रंग पाहावा. निळा धूर सतत येत असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजून तेल जळत आहे. पांढरी वाफ थांबत नसेल तर पाणी सिलिंडरांत उतरत असल्याचा संशय घ्यावा. काळा धूर इंधन नीट जळत नसल्याचा. हौद्याखालीं आडवें पडून चासी पाहावी. वरचा पत्रा रंगवितां येतो, चासीचा गंज रंगानें बरा होत नाहीं. पत्र्यावर लोहचुंबक फिरवावा; जेथें तो धरत नाहीं तेथें खालीं पत्रा नसून लांबी भरलेली आहे. पाट्यांची पानें मोडलीं आहेत काय, स्टेअरिंग किती रिकामें फिरतें, गिअर आपोआप सुटतो काय, हें पाहावें. मग दहा पोतीं भरून चढणीवर न्यावी. रिकामी गाडी चालविणें म्हणजे रिकाम्या खांद्याचा बैल पाहणें. या जातीच्या गाड्यांत इंजिन बैठकीखालीं असल्यानें उन्हाळ्यांत चालकाचे पाय भाजतात, आणि भार पुढें असल्यानें रिकामा हौदा ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक लावतां घसरतो, हेंहि ध्यानांत ठेवावें.

हीं सर्व परीक्षा त्या ट्रकानें बरी दिली. चासी साफ होती, पाटे शाबूत होते आणि भरल्या हौद्यानें तो चढण कुरकुर न करतां चढला. चिरंजीवाचा चेहरा पाहून आमचाहि निश्चय ढळूं लागला होता.

मग मिस्त्रीनें नोंदणीपुस्तक मागितलें. त्यांत इंधनापुढें पेट्रोल असें लिहिलें होतें. इंजिन मात्र डिझेलचें होतें.

कागद

जुन्या जीपांस पूर्वीं अनेकांनीं इंधन वांचविण्यासाठीं डिझेल इंजिनें बसविलीं. त्यांत आश्चर्य नाहीं. परंतु मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणें असा फेरफार मंजुरीनें करून नोंदणीपुस्तकांत चढवावा लागतो. या गाडीचा तो चढविलेला नव्हता. इंजिनावरील क्रमांक व पुस्तकांतील क्रमांक जुळेना. आमच्या मित्रास हें ठाऊक नव्हतें. त्यांनींहि ती गाडी दुसऱ्याकडूनच घेतली होती व चालविली फारशी नव्हती. त्यांच्या सचोटीविषयीं आमच्या मनांत तिळमात्र संशय नाहीं. परंतु दोष धन्याच्या सचोटीनें नाहींसा होत नाहीं. अपघात झाला असतां विमा कंपनीनें पहिलें बोट याच ओळीवर ठेविलें असतें.

याचा आणखी एक परिणाम झाला. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांस दुर्मिळ वाहन म्हणून नोंदणी मिळण्याची सोय केंद्र सरकारनें १५ जुलै २०२१ च्या नियमांनीं केली आहे. नव्या नोंदणीस शुल्क रु. २०,००० ठरविलें, मुदत दहा वर्षें, आणि क्रमांकांत 'व्ही ए' हीं अक्षरें येतात. १९७२ ची गाडी वयानें या सोयीस पात्र होती. परंतु त्या नियमांची अट अशी कीं, चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. दुसरी अट शेतकऱ्यास अधिक महत्त्वाची : अशी नोंदणी झालेली गाडी नित्याच्या वापरास किंवा धंद्यास रस्त्यावर आणतां येत नाहीं, प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, दुरुस्ती, इंधन भरणें एवढ्यापुरतीच ती बाहेर निघावी. ज्यास गाडी हौसेकरितां ठेवावयाची त्यास ही वाट योग्य. भेंडीचे क्रेट त्या वाटेनें जात नाहींत. जुना ट्रक घेतांना "हा नामी नमुना आहे, पुढें किंमत वाढेल" असें सांगितलें जातें आणि त्याच तोंडानें "रोज माल वाहा" असेंहि सांगितलें जातें. कायद्यानें हे दोन उपयोग वेगळे आहेत, आणि घेणाऱ्यानें कोणता हवा तें आधीं ठरवावें.

माल वाहणाऱ्या गाडीविषयीं आणखी तीन गोष्टी सांगून ठेवतों. एकूण भारासह ३,००० किलोंपर्यंतच्या मालवाहू गाडीस कलम ६६ खालील परवाना लागत नाहीं. योग्यतेचें प्रमाणपत्र मात्र लागतें, आणि आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीस तें दरवर्षीं नवें करावें लागतें. चालकाविषयीं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें ६ नोव्हेंबर २०२४ रोजीं निर्णय दिला कीं, हलक्या वाहनाचा परवाना असलेल्यास साडेसात हजार किलोंच्या आंतील मालवाहू वाहन चालविण्यास निराळी नोंद नको.

आमचीच चूक

मित्राचे कागद तपासल्यावर त्यांनीं आमचे मागितले, आणि तें योग्यच होतें. बुलेटचें नोंदणीपुस्तक त्यांच्या हातीं देतांना आमच्या ध्यानांत आलें कीं, त्यावर नांव वडिलांचें आहे.

वाहनाचा मालक वारल्यास वारसानें नमुना ३१ भरून तीन महिन्यांच्या आंत गाडी आपल्या नांवें करून घ्यावयाची असते. आम्हीं तीन वर्षें केली नव्हती. सातबाऱ्यावर वारसनोंद आम्हीं महिन्याच्या आंत करविली. दारांतील गाडीचें मात्र स्मरण झालें नाहीं. दुसऱ्याच्या कागदांतला दोष शोधावयास गेलेल्या आम्हांस स्वतःचा दोष असा सांपडला. त्या दिवशीं आम्ही होय म्हटलें असतें तरी बुलेट देण्याचा अधिकार कागदोपत्रीं आमच्याकडे नव्हता.

येथें अदलाबदलीच्या कायद्याविषयीं दोन शब्द. वस्तूच्या बदल्यांत वस्तु देणें यास मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ११८ नें विनिमय म्हटलें आहे, आणि कलम १२० प्रमाणें प्रत्येक पक्ष आपल्या देण्यापुरता विकणारा व घेण्यापुरता विकत घेणारा समजला जातो. म्हणजे अदलाबदल हा एक सौदा नसून दोन विक्र्या आहेत, आणि दोन्हींचे कागद पुरे व्हावे लागतात. नमुना २९ व ३०, विमा, प्रदूषणाचा दाखला, कर्जाचा बोजा नसल्याची खात्री, थकलेले दंड, हें सर्व दोन्ही गाड्यांचें पाहावें. देणाऱ्यानें राज्यांतल्या राज्यांत चौदा दिवसांच्या आंत कार्यालयास कळवावें, घेणाऱ्यानें तीस दिवसांच्या आंत. नोंदणी कार्यालय बदलत असेल तर ना-हरकत दाखल्याविषयीं आधीं विचारून घ्यावें. ताबा दिल्याचा दिवस व वेळ कागदावर लिहून दोघांनीं सह्या कराव्या. ही सावधगिरी कां, तर सर्वोच्च न्यायालयानें ६ फेब्रुवारी २०१८ च्या निर्णयांत स्पष्ट सांगितलें आहे कीं, गाडी हातोहात कितीहि फिरली तरी नोंदणीवर ज्याचें नांव तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार. गाडी देऊन नांव ठेविलें तर जोखीमहि तेथेंच राहिली.

निर्णय

मित्रानें उदारपणें सांगितलें, "चाळीस हजार सोडून देतों, गाडीस गाडी घ्या." एक क्षण आम्हीं विचार केला. परंतु दोष दिसल्यावर मिळणारी सूट ही भेट नसते. ती त्या दोषाची किंमत असते, आणि दोष निस्तरण्याचा खर्च सुटीहून कमी कीं अधिक हें ठाऊक नसतां ती घेणें म्हणजे आंधळा व्यवहार. आम्हीं नम्रपणें नकार दिला. त्यांस तो रुचला कीं नाहीं न कळे. चहा मात्र त्यांनीं दुसऱ्यांदा दिला.

परत येतांना चिरंजीव बोलला नाहीं. घरीं आल्यावर म्हणाला, "म्हणजे मी गोदामांतच राहावयाचें." हें वाक्य आम्हांस ट्रकाच्या सगळ्या खर्चाहून जड वाटलें. मग आम्हीं त्यास सांगितलें तें असें : गाडी नाहीं म्हणून धंदा अडतो हें खरें नव्हे, धंदा ठरला नाहीं म्हणून गाडी घेतां येत नाहीं. डिसेंबरापासून एप्रिलअखेर आठवड्यांतून दोनदां आम्ही भाड्याचा टेंपो देतों. दहा क्रेट भर, सोसायट्यांत ने, वही ठेव. शेजारच्या दोघां शेतकऱ्यांचा मालहि घे व भाडें वांटून घे. मोसम संपतांच खेपा मोजूं.

त्याप्रमाणें झालें. गोदामाच्या मालकानें त्यास दुपारची पाळी दिली. पहिल्या महिन्यांत तीन खेपा तोट्यांत गेल्या, कारण मेथी उन्हानें कोमेजली आणि सोसायटीच्या पहारेकऱ्यानें दारांत उभें राहूं दिलें नाहीं. पुढें एक-दोन ठिकाणीं बायांनीं आदल्या दिवशींच मागणी कळवावयास आरंभ केला आणि माल परत येणें थांबलें. २०२५ च्या एप्रिलअखेर वहींत ३८ खेपा भरल्या. भात, पेंढा व खताच्या ८ मिळवून एकूण ४६.

या आंकड्याचा अर्थ वाचकांनीं नीट पाहावा. ४६ हे ६५ हून कमी आहेत. तेव्हां मोटारसायकल देऊन ट्रक घेणें आमच्या पुरतें चुकीचेंच ठरलें असतें. परंतु मोटारसायकल ठेवून शिवाय मालवाहू गाडी ठेवली तर उभा खर्च रु. ४३,०००, आणि त्यास ९३० नें भागतां ४६ च येतात. म्हणजे आम्ही बरोबरीच्या रेषेवर येऊन उभे आहों. खरेदीचे पैसे त्यांत नाहींत, म्हणून यंदाहि गाडी घ्यावयाची नाहीं असें ठरलें. पुढील मोसमांत खेपा साठाच्या पुढें गेल्या तर सरळ कागदांची, हल्लींच्या बनावटीची, भाग जवळ मिळतील अशी जुनी गाडी पाहूं. ती देखणी नसली तरी चालेल. चिरंजीवानें नोकरी अद्याप सोडलेली नाहीं. पावसाळ्यांत तो गोदामांत असतो व हिंवाळ्यांत अर्धा शेतांत. पूर्ण येईल कीं नाहीं हें आम्ही आज सांगूं शकत नाहीं. मात्र दलाल आला तेव्हां चहा त्यानेंच दिला आणि निरोपहि त्यानेंच दिला, एवढें येथें नमूद करितों.

ज्या शेतकरी बंधूंच्या खेपा वर्षास शंभराच्या घरांत आहेत, ज्यांच्या गांवास रस्त्यांची कोंडी नाहीं, ज्यांच्या घरीं दुसरें लहान वाहन आहे आणि ज्यांस स्वतः पान्हा धरतां येतो, त्यांस जुना ट्रक निश्चित उपकारक होईल. आमच्या नकारावरून त्यांनीं भिऊं नये. आमची विनंती इतकीच कीं, हौद्याकडे पाहण्यापूर्वीं वही पाहावी आणि रंगाकडे पाहण्यापूर्वीं कागद पाहावे.

बुलेट आतां आमच्या नांवें झाली आहे. कार्यालयांत वडिलांचा मृत्यूचा दाखला जोडतांना मातोश्रींची संमति लागली. त्यांनीं सही केली आणि विचारलें, "म्हणजे गाडी जात नाहीं ना?" आम्हीं सांगितलें कीं, नाहीं, फक्त नांव बदललें.